उत्तर सांगण्याची तालीम

दहावीला डिस्लेक्सियाच्या मुलाला लेखनिक मिळतो, तीन तासांच्या पेपरला तासभर जादा मिळतो. महाराष्ट्रात या सवलती १९९६पासून आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांना बळ दिलं. पण लेखनिकाला उत्तर सांगणं ही वेगळी विद्या आहे आणि ती मुलाला कुणी शिकवत नाही. मुरबे गावात मी अशा मुलांना घेऊन बसते, ते मुख्यतः त्यासाठी.

त्यांतला एक मुलगा पंचवीस ऐकून ५२ लिहायचा, कारण कानावर पाच आधी पडतो. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं संख्यावाचन दिलं, तेव्हा केवढी टीका झाली! मला ते पान अशा मुलांसाठी फार मोलाचं वाटलं होतं.

या मुलाचे वडील बोटीवर जातात. भरती-ओहोटीचा प्रश्न घातला, तर म्हणाला, “अमावस-पुनवेला उधाण. अष्टमीला भांग, तवा पानी जास्त चढत नाय नि उतरत पन नाय.” नेमकं उत्तर! पण लेखनिकाला सांगताना सगळं एका दमात. लिहिणारी नववीतली मुलगी “थांब” म्हणाली की पुढचं डोक्यातून गेलंच.

मग आम्ही आधी कच्च्या कागदावर चंद्र, सूर्य, पृथ्वी काढू लागलो, मुद्द्यागणिक एक खूण. एक वाक्य सांगायचं, तिचं पेन थांबेपर्यंत गप्प राहायचं, “पूर्णविराम, नवा मुद्दा” म्हणायचं, खुणेवर बोट ठेवून पुढे जायचं. शेवटी तिच्याकडून सगळं वाचून घ्यायचं. तालीम तिचीही होतीच: तो सांगेल तेच लिहायचं, चुकलं तरी सुधारायचं नाही. गणित सर्वांत कठीण. “कंसात एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग” यात ‘कंस पूर्ण’ राहिलं की वर्ग फक्त तिनाचा होतो, आणि येत असलेलं गणित चुकतं. हे दिवाळीनंतर रोज थोडं थोडं केलं, तरच परीक्षेत जादा तासाचा उपयोग होतो.

आईबाबांनो, सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत मुंबई विभागीय मंडळाकडे जातो. त्याआधी तपासणी, प्रमाणपत्र यांत महिने जातात. त्यासाठी दहावी उजाडायची वाट पाहू नका, आठवीतच शाळेत विचारा. आणि प्रमाणपत्र मिळालं की ते फाइलला लावून निर्धास्त होऊ नका. मुलाला लेखनिकासोबत सरावाला बसवा.