रात्र उंदराची असते

मुळशीत भाताच्या खाचराला उंदीर चुकलेला नाही. बांध पोखरून ते पाणी सोडतात, लोंब्या तोडून बिळात नेतात, आणि त्यांच्या मागावर धामण येते. पौडपासून ताम्हिणीपर्यंत ज्या घरांतून मला साप पकडायला बोलावणं आलं, त्यातल्या बहुतेक घरांत साप उंदरामागेच शिरलेला होता. एक धामण मात्र माझ्याकडे उंदरामुळे मेली, आणि तो उंदीर तिच्या पेटीत मीच सोडला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ साली सुरू झालं होतं. ते सुरू करणारे नीलिमकुमार खैरे यांचं नाव ऐकून आसपासच्या गावांतली आमच्यासारखी बरीच पोरं साप पकडायला लागली होती. पकडणं मी लवकर शिकलो. सांभाळणं शिकलो नाही, आणि ते वेगळं शिकावं लागतं हेही तेव्हा लक्षात आलं नाही.

पौडजवळच्या एका शेतकऱ्याने भाजीच्या वाफ्याभोवती नायलॉनची जाळी लावली होती, तिच्यात ही धामण अडकली. सुटायच्या धडपडीत दोरे कातडीत रुतले होते. ते काका माझ्या वडिलांच्या वयाचे. मी कात्रीने एकेक दोरा कापत होतो आणि ते तिचं शेपूट धरून बसले होते. म्हणाले, "बरी झाली की माझ्याच बांधावर आणून सोड. ती असली की मला औषध टाकायला लागत नाही."

असा साप घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, सापडला की वनखात्याला कळवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. जखम भरेपर्यंतच, अशी मी स्वतःची समजूत घातली. दिवाळीपर्यंत जखमा भरल्यासुद्धा. तेव्हा सोडली असती तर ती जगली असती. गावातली मुलं तिला बघायला घरी यायची, मला ते आवडायला लागलं होतं, म्हणून ठेवली.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि तिने खाणं सोडलं. मला वाटलं, अशक्त होत चालली आहे. एका संध्याकाळी पिंजऱ्यात चांगला मोठा उंदीर सापडला. तो मी तिच्या पेटीत सोडला, झाकणावर दगड ठेवला आणि भजनाला निघून गेलो. परत आल्यावर झाकण उघडून बघितलं नाही. सकाळपर्यंत खाल्लेला असेल, असं धरून झोपलो.

सकाळी धामणीच्या पाठीवर वीतभर जागेत कातडी नव्हती. मणके दिसत होते. ती जिवंत होती. उंदीर कोपऱ्यात बसला होता. घाईत मी हात घातला आणि त्याच्या शेपटीचं टोक धरलं. शेपटीवरचं कातडं सुटून माझ्या बोटांत आलं आणि तो उलटून माझ्या अंगठ्याला डसला. शेपूट धरायचंच तर बुडाशी धरतात, टोकाशी कधीच नाही. खरं तर तिथे लांब चिमटा हवा होता. अंगठा सुजला, दोन-तीन दिवसांनी ताप आला. डॉक्टरांनी टिटॅनसचं इंजेक्शन आणि औषधं दिली. उंदराच्या चाव्यातून ताप येतो आणि त्याच्या लघवीतून लेप्टो होतो, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळलं. धामणीला पुण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, पण फार उशीर झाला होता.

पुढे कितीतरी दिवस मी त्या रात्रीचा विचार करत होतो. धामण दिवसा हिंडणारी, रात्री पडून राहणारी. उंदराचं सगळं आयुष्य रात्रीचं. थंडीत सापाचं अंग गारठतं, पचन जवळजवळ थांबतं, म्हणून तो खात नाही. ती अशक्त नव्हती, तिला भूकच नव्हती, आणि भूक नसलेला साप समोरच्या उंदराशी झगडत बसत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. मी त्याला दाणा ठेवला नव्हता, पाणी ठेवलं नव्हतं, पळायला जागा ठेवली नव्हती. त्या पेटीत खाण्याजोगं एकच होतं. शिवाय बोआ साप उंदराला विळखा घालतो तेव्हा उंदराचं रक्ताभिसरण काही सेकंदांत थांबतं, हे २०१५ मध्ये प्रयोगाने दिसलं आहे. धामण विळखा घालून मारत नाही. ती भक्ष्याला अंगाखाली दाबते आणि अनेकदा जिवंतच गिळते. उघड्या रानात तिला मागे सरता येतं, पेटीत येत नाही.

काकांना मी धामण मेली एवढंच सांगितलं. कशी, ते सांगितलं नाही. जाळीच्या जखमा चिघळल्या असतील असं त्यांनी धरलं आणि "माझ्याच जाळीने मेली," म्हणून हळहळले. मी गप्प राहिलो. पुढच्या हंगामात त्यांच्या बांधावर झिंक फॉस्फाइड कालवलेला भरडा दिसला. काका गेले, तोवर मी खरं काय ते बोललो नव्हतो.

आता जखमी साप मिळाला तर आधी वनखात्याला फोन करतो. बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र झालं आहे. तिकडेच भूगाव-बावधनच्या सोसायट्यांत आता परदेशी बॉल पायथन पाळणारी मुलं भेटतात. हा आपल्याकडचा साप नाही, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते. मी आधी नोंदीची विचारपूस करतो आणि मग उंदीर कुठून आणता हे विचारतो. घरातला किंवा शेतातला पकडलेला नको, त्याच्या पोटात विष असू शकतं आणि अंगात रोग. सापाच्या सर्वांत जाड भागाहून मोठा नको. सापाचे डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ असेल, तर काहीच देऊ नका. शक्यतो मेलेला, गोठवलेला उंदीर आणा, फ्रिजमध्ये हळूहळू वितळू द्या, गरम पाण्यात ऊब आणा आणि लांब चिमट्याने धरा. हाताला उंदराचा वास असताना सापाला हात लावू नका. हे उंदरासाठीही बरं. बंद पेटीतली त्याची ती भीती मी पाहिली आहे.

गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या एका मुलाच्या अजगराने चिमट्यातला उंदीर घ्यायचं बंद केलं. तो मला सारखा फोन करायचा. "काका, एकदाच जिवंत सोडून बघू का? रात्रभर राहू देतो." मी म्हटलं, वजन करून लिहून ठेव, पेटीतली ऊब तपास. मोठा, निरोगी बॉल पायथन थंडीत आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो आणि त्याला काही होत नाही. वजन उतरायला लागलं तर डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येतो. मग त्याला धामणीचं सगळं सांगितलं, काकांशी गप्प राहिलो तेही. फाल्गुनात त्याचा अजगर आपणहून खायला लागला.