लूर्दची चौकशी, वांद्र्याचं स्वप्न

खामगाव

प्रिय मैत्रिणी,

तुझं लूर्दचं पत्र पोचलं. तुलूझहून सकाळी निघून संध्याकाळी परत आलीस, गुहा पाहिलीस, मेणबत्ती लावलीस, आणि शेवटच्या ओळीत विचारलंस, "आपल्याकडे असं मेरीमाता दिसल्याचं काही आहे का गं?" बाप्पा! हे मला काहून विचारतेस? जिल्ह्यात कॅथलिक घरं मोजकीच, आणि त्यांचा धर्मप्रांतही अमरावतीचा, १९५५ साली झालेला. पण २०२४ च्या सप्टेंबरात मी मावशीकडे वांद्र्याला होते, मोतमाउलीच्या जत्रेत पोटभर फिरले, म्हणून थोडं सांगू शकते.

आधी तुझ्या लूर्दचं. गुहेबद्दल तू पानभर लिहिलंस, पण त्या पोरीची चौकशी कशी झाली ते लिहिलंच नाहीस. माझा जीव तिथंच अडकतो. ११ फेब्रुवारी १८५८. बर्नादेत सुबिरू चौदा वर्षांची, बाप धंदा बुडालेला गिरणीवाला, बिऱ्हाड एका जुन्या कैदखान्याच्या खोलीत. लाकडं वेचायला तिघी गेल्या, दिसलं हिला एकटीला. बहिणीला नाही, शेजारच्या पोरीलाही नाही. बर्नादेत त्या दिसलेल्या बाईला मेरी म्हणायलासुद्धा तयार नव्हती. नुसतं "ते" म्हणायची. दहा दिवसांत पोलिसानं बोलावून जबाब लिहून घेतला. जुलैपर्यंत अठरा वेळा दर्शन झालं. मधेच सरकारनं गुहेला कुंपण घातलं, ते ऑक्टोबरात तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमानं निघालं. बिशपनं समिती नेमली आणि १८ जानेवारी १८६२ ला, म्हणजे जवळपास चार वर्षांनी, पोरीचं म्हणणं खरं मानलं. इतकी उलटतपासणी झाली, पण पोरगी जबाबावरून हलली नाही.

आता वांद्रं. तिथं फाइलच नाही. समुद्राकडच्या टेकडीवर पोर्तुगीज काळापासून मोतमाउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, देऊळ. मूर्ती जेझुइटांनी आणलेली. १७०० साली अरब चाचे चढून आले. तिच्या हातातलं सोनेरी काहीतरी त्यांना हवं होतं, त्यापायी त्यांनी उजवा हातच तोडला. पुढं मधमाश्यांनी त्यांना पळवलं, असं मावशीच्या शेजारीणबाई सांगतात, आणि सांगताना हातानं माश्याही उडवतात. १७६० च्या सुमारास देऊळ पुन्हा बांधलं तेव्हा खालच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधली दुसरी मूर्ती वर नेली. आणि खरी गोष्ट आहे या दुसऱ्या मूर्तीची: एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात तुला माउली सापडेल, आणि ती तरंगत आली. आज टेकडीवर मान आहे तो दुरुस्त केलेल्या पहिल्या मूर्तीला, पण तिच्यासमोर उभं राहून लोक सांगतात दुसरीचं स्वप्न! कुणाला त्याचं काही वाटत नाही. त्यात आणखी गंमत म्हणजे ही दुसरी मूर्ती सापडली ती १७०० नंतर म्हणे, आणि आधार म्हणून दाखवतात जेझुइटांचं १६६९ चं वार्षिक पत्र. तुझ्या त्या फ्रेंच पोलिसानं हा जबाब पहिल्याच पानावर फाडला असता.

तरी मला बर्नादेतपेक्षा त्या कोळ्याचं जास्त वाटतं. तिचं नाव, वय, बापाचं कर्ज, सगळं कागदावर आलं. याचं नावसुद्धा कुणी टिपून घेतलं नाही. सध्याचं देऊळ शापूरजी चांदाभॉय या पारशानं १९०४ साली उभारलं, हे पक्कं ठाऊक आहे. १९५४ साली रोमनं त्याला बॅसिलिकाचा मान दिला, हेही. ज्याच्या स्वप्नापायी कोळीवाडे टेकडी चढतात, तो मात्र नुसता "एक कोळी".

आणि म्हणून मला आपलं शेगाव आठवलं. लूर्दनंतर वीस वर्षांनी, २३ फेब्रुवारी १८७८ ला, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाणारा तरुण, म्हणजे आपले गजानन महाराज, बंकटलालला दिसला. तिथंही पहिला पाहणारा कुणी बिशप नव्हता, शास्त्री नव्हता. पण दासगणूंनी महाराजांची पोथी लिहिली, त्यामुळे बंकटलालचं नाव आज वऱ्हाडात पोराटोरांना पाठ. कोळ्याला दासगणू भेटला नाही, एवढाच काय तो फरक.

बरं, हे ऐक. महाराजांनी समाधी घेतली ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीला. ८ सप्टेंबर हाच मेरीमातेचा जन्मदिवस, मोतमाउलीचा सण. आपण तिथीनं पाळतो म्हणून एरवी दोन्ही दिवस वेगळे पडतात, पण २०२४ ला एकाच रविवारी आले. इकडे घरचे सगळे शेगावला आणि मी वांद्र्याच्या पायऱ्यांवर! मावशीनं गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेतला. तिथं हात, पाय, बाळ, घर, जे मागायचं त्याच्या आकाराचं मेण मिळतं. मी काही मागितलं नाही, पण कड्याबोड्यांच्या, त्या जत्रेतल्या खाऊच्या, दोन पुड्या आणल्या, त्या गाडीत भुसावळच्या आधीच संपल्या.

पुन्हा लूर्दला गेलीस तर गुहेशी गर्दी असतेच. तू ती कैदखान्याची खोली बघून ये आणि किती लांब-रुंद आहे ते लिही. सहा माणसं त्यात कशी राहत असतील, याचा मला अंदाज येत नाही. आणि दिवाळीला येतेस का ते लवकर कळव. आईनं शेगावच्या कचोऱ्यांचं तुझ्यासाठी आत्ताच ठरवून टाकलंय.

तुझीच,
खामगावची