नववीचा आठवडा

धान चुरून कोठीत पडलं की आमच्याकडच्या शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीकडे किंवा वैनगंगा ओलांडून गडचिरोलीतल्या चामोर्शीकडे, कुठल्याही माध्यमिक शाळेत जानेवारीच्या सुरुवातीला गेलात तर मैदानावर चुन्याच्या ताज्या रेघा दिसतात आणि वर्गांमधून ढोलकीचा आवाज येतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते. तिथून पुढचा आठवडा मुलांचा. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती, वक्तृत्व, विज्ञान प्रदर्शनी, आनंद मेळावा, दोन रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि शेवटी बक्षीस वितरण. अशा एका शाळेत मी मराठी शिकवते, आणि वर्षातला कुठला आठवडा आवडतो असं विचारलं तर मी हाच सांगेन.

हा आठवडा सगळ्या शाळेचा म्हटला जातो, पण तो पेलतो नववीचा वर्ग. दहावीच्या मुलांना बोर्डाची धास्ती घालून आम्हीच बाजूला बसवलेलं असतं. आठवीची अजून लहान. मंडप बांधायला, पाणी भरायला, पाहुण्यांना ओवाळायला, नाटकातली मोठी कामं करायला नववी. वर्षभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या मुलामुलींच्या हातात या आठवड्यात शाळेच्या किल्ल्या असतात. त्यांची चालही बदलते.

आनंद मेळाव्यात गेल्या वर्षी तिघी मैत्रिणींनी आलुपोंग्याचा ठेला लावला होता. एकीने घरून तेल आणलं, दुसरीने बटाटे, तिसरीकडे आणायला काही नव्हतं म्हणून तिने कढईसमोर उभं राहायचं कबूल केलं. दुपारी वाटणी करायला बसल्या तेव्हा पेच पडला. तेला-बटाट्याचे पैसे आधी वजा करायचे, की तिघींत सरळ तीन वाटे करायचे? गणिताच्या तासाला न बोलणारी ती तिसरी मुलगी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत म्हणाली, "सामानाचे पैसे ज्याचे त्याले, उरलेल्याचे तीन वाटे. मेहनत तं तिघींचीबी हाये." तिथेच तिने दोघींना पटेल असा हिशेब करून दाखवला. नफा-तोट्याचं याहून चांगलं उत्तर मी उत्तरपत्रिकेत पाहिलेलं नाही.

नाटकाचं तर विचारूच नका. हा झाडीपट्टीचा मुलूख. भाऊबीजेपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती झाल्या की रात्री नाटक, आणि अख्खं गाव सतरंज्या घेऊन पहाटेपर्यंत बसतं. याच रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या पोरांना एंट्री कशी घ्यायची, टाळी कुठे पडते, हे शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते एवढंच, की झाडीबोलीत बोललास तरी चालेल. वर्गात 'मी गेलो होतो' म्हणताना अडखळणारा मुलगा झाडीबोलीत असा काही बोलतो, की मागे उभे असलेले बाप लोक रुमाल डोळ्यांना लावतात. प्रमाण मराठीच्या धाकाने आपण किती मुलांना मुकं करून ठेवलं आहे, हे मला दर संमेलनात नव्याने कळतं.

तालमींचं वेळापत्रक मात्र आमच्या हातात नसतं. ते ठरवते सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची बस. मागास ठरवलेल्या १२५ तालुक्यांत २०११ पासून ही बस खेड्यातल्या मुलींना शाळेत आणते आणि घरी सोडते. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना याच योजनेतून सायकल मिळते. बस फाटकाशी लागली की नायिका संवाद अर्धा सोडून पळते. सायकलवाल्या मुली एकट्या निघत नाहीत, सगळ्यांनी मिळून एकदमच निघायचं. थंडीत दिवस लवकर बुडतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आणि वाघ ही आमच्याकडे बातमी नसून वहिवाट आहे. वाटेत मोठमोठ्याने बोलत, घंट्या वाजवत त्या जातात. उशीर झाला तर कोणाचा तरी भाऊ काठी आणि बॅटरी घेऊन वाटेवर उभा असतो. एवढं करून मुलगी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हजर असते.

बक्षीस वितरणाला पाहुणे येतात आणि त्यांच्या भाषणात एव्हरेस्ट येतो. यायलाच हवा. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं जगातल्या सर्वांत उंच शिखरावर पोहोचली. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, परमेश आळे, कविदास काटमोडे, विकास सोयाम. आश्रमशाळांतून आलेली ही मुलं, ८८४८ मीटर उंचीवर. त्यांची नावं ऐकताना आमच्या नववीची मान ताठ होते, हे मी डोळ्यांनी पाहते. पण त्या मोहिमेवर दहा मुलं गेली होती. उरलेली पाच शिखराआधी थांबली. त्यांची नावं मी अजून एकाही भाषणात ऐकलेली नाहीत. शिक्षक म्हणून मला त्या पाचांबद्दलही तितकाच आदर आहे. घरातून, गावातून निघून एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतचं सगळं प्रशिक्षण पार पाडणं, हीच या भागातल्या मुलासाठी केवढी मजल आहे!

यंदाच्या संमेलनात मंगळवारी आठशे मीटरमध्ये एक मुलगी पहिली आली. अनवाणी धावली. शेवटच्या वळणावर तिने पुढच्या दोघींना असं मागे टाकलं, की पंच म्हणून उभे असलेले सर घड्याळ बघायचं विसरले. शनिवारी व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, पण कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. तेव्हा तिची वर्गमैत्रीण पुढे आली, पदक घेतलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, ते मिरची तोडाले गेली."

बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे धानाचं एकच पीक. डिसेंबरात ते घरात आलं की शेतात काम उरत नाही. त्याच सुमाराला तेलंगणात मिरची तोडणीला येते. रात्री गावात पिकअप किंवा काळीपिवळी येऊन उभी राहते आणि सकाळी अर्धी आळी रिकामी असते. माणसं परततात ती दोन-अडीच महिन्यांनी, मोहफुलाच्या दिवसांत, हातात थोडे पैसे आणि वर्षभर पुरेल एवढी मिरची घेऊन. या माणसांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्या मुलीच्या आईला मी नंतर फोनवर गाठलं तेव्हा ती म्हणाली, "लहान्याले पाह्याले कोनी नाही जी, मॅडम. अन् हे पोरगी हाताची चपळ हाये." आठशे मीटरमध्ये जे आम्हाला दिसलं, ते आईला आधीपासून ठाऊक होतं.

बऱ्याच वर्षांचे हजेरीपट चाळताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. जाणाऱ्यांत नववीची मुलं सर्वांत जास्त. याचं कारण कुणाच्या आळसात नाही, आपल्या व्यवस्थेच्या आखणीत आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंत. दहावीला बोर्डाचा पहारा असतो, आईबापही म्हणतात, परीक्षा होऊ द्या. मध्ये उरते नववी. तिला कायद्याचं कुंपण नाही, बोर्डाचा धाक नाही आणि दुपारचं जेवणही नाही. कालपर्यंत शाळेत जेवणारं मूल नववीत गेलं की तोच वरणभात, तीच खिचडी शेजारच्या ओट्यावर शिजताना बघतं. घरात कुणाचं तरी वर्ष सोडायचं असेल, तर आई नववीचंच सोडणार. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाला निदान जेवण आणि निवारा तरी असतो. गावातून येऊन-जाऊन शिकणाऱ्याला तेवढाही आधार नाही.

संमेलन आम्ही जानेवारीतच का घेतो, हे आता सांगते. नाटकात काम असलेलं मूल नाटक होईपर्यंत गाव सोडत नाही. आईबापाशी भांडतं, आजीकडे राहतं, पण राहतं. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांनी हे ओळखलं होतं, म्हणून ते प्रत्येक नववीच्या मुलाच्या नावापुढे काही ना काही काम लिहीत. पडदा ओढायचं, घंटा द्यायची, चपला सांभाळायच्या, काहीही. शिक्षणशास्त्राची पुस्तकं मीही वाचली आहेत, पण त्या कागदाएवढं मला कुणी शिकवलं नाही. तरी संमेलन एका आठवड्याचं आणि मिरचीचा हंगाम अडीच महिन्यांचा. आठशे मीटरच्या पदकाने त्या मुलीला शनिवारपर्यंतही थांबवलं नाही.

ती मार्चमध्ये परत आली. वार्षिक परीक्षेला बसली. पुढचं वर्ष ती दहावीत बसेल की पुन्हा पिकअपमध्ये, हे एकट्या तिच्या जिद्दीवर सोडून देणं मला मान्य नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं चालवली गेली. मिरचीच्या हंगामात जंगलपट्ट्यातल्या माध्यमिक शाळांना तशीच, दहावीपर्यंतच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं द्या. पोषण आहार आठवीवर थांबवू नका, दहावीपर्यंत न्या. त्यासाठी वेगळी चूल मांडावी लागणार नाही, ती आमच्या शाळेत रोज पेटतेच. आणि तुमच्यापैकी कुणाला एखाद्या गावच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण आलं तर अवश्य जा, टाळ्या वाजवा, पोरांच्या ठेल्यावरचे आलुपोंगे खा. निघताना मुख्याध्यापकांना सांगा, की फेब्रुवारीत मी पुन्हा येईन आणि तेव्हा मला नववीचा हजेरीपट बघायचा आहे.