भ्यालेला देवमाणूस

रात्री साडेदहाला हिंगोलीतही 'देवमाणूस' मालिका लागायची. सेनगाव, औंढ्याकडच्या खेड्यांत डॉक्टर म्हणजे अर्धा देवच. त्यामुळे मालिकेतलं गाव, कातळवाडी, तिथल्या प्रेक्षकाला परकं वाटायचं कारण नव्हतं.

झी मराठीवरची ही मालिका ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली. तिचं मूळ साताऱ्याच्या वाई-धोम परिसरातलं. तिथल्या एका तथाकथित डॉक्टरने सहा खुनांची कबुली दिल्याचं पोलिसांनी 2016 मध्ये सांगितलं होतं. मालिकेतला खुनी डॉक्टर, किरण गायकवाडचा अजितकुमार, वरवर निर्ढावलेला, पण खरा भित्रा तोच! एक खून लपवायचा म्हणून दुसरा, दुसरा पचवायचा म्हणून तिसरा. त्याच्या गोड बोलण्यामागे उघडं पडण्याची धास्ती आहे.

त्याला बळी पडणाऱ्या बायकांची भीती वेगळी. 'लोक काय म्हणतील' या धाकाने त्या गप्प राहतात आणि त्याचं फावतं. गावातल्या डिंपलला सगळं कळतं, तरी ती त्याच्याच बाजूला जाते. तिथे भीतीपेक्षा हाव मोठी ठरते.

गावातली सरू आजी मात्र कुणाची भीड ठेवत नाही, तोंडाला येईल ते बोलते. पुढे मालिका फारच ताणली, हेही खरं. तरी भित्र्या खुन्याचं इतकं नेमकं चित्र मराठी मालिकांत क्वचितच दिसलं.