रिस्लिंग आणि गोळाभात

जर्मनीतल्या माइंत्समध्ये शनिवारी सकाळी लोक भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून वाइन पितात. कॅथेड्रलसमोर आठवडी बाजार भरतो, त्याला लागूनच द्राक्षबागायतदार आपापल्या बाटल्या उघडून उभे असतात. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात पाव आणि सॉसेज. त्यात पेन्शनर आजोबा असतात, बाबागाडी घेऊन आलेलं जोडपंही असतं. ना आरडाओरडा, ना लपवाछपवी. आमच्याकडे शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आणि नागपुरात चारचौघांत वाइनचं नाव काढायचं तर आवाज आपोआप खाली येतो. त्यामुळे हे दृश्य पचायला मला वेळ लागला.

इथली लाडकी वाइन म्हणजे रिस्लिंग. जवळच्याच र्‍युसेल्सहाइम गावच्या १४३५ सालच्या हिशेबात तिच्या वेलींची नोंद आहे. बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे द्राक्षातली साखर आंबताना जवळजवळ संपलेली, लिटरमागे फार तर नऊ ग्रॅम उरलेली. आंबटपणा मात्र शाबूत. हा भूगोलाचा प्रताप. पन्नासावं अक्षवृत्त या शहरातून जातं. गुटेनबर्ग चौकात फरशीवर त्याची खूण केलेली आहे. झिरो माइलचं नागपूर एकविसाव्या अंशाशी. इथे रात्री गार, त्यामुळे रिस्लिंग रेंगाळत ऑक्टोबरपर्यंत पिकते आणि आंबटपणा सोडत नाही.

जर्मन लोक ती कशासोबत पितात? वसंतात पांढऱ्या श्पार्गेलसोबत. ही शतावरीच्या कुळातली भाजी २४ जूनपर्यंतच काढतात, तोवर घरोघरी तिचाच थाट, वर लोणी-अंड्याचा सॉस. नाहीतर लोण्यात परतलेल्या ट्राउट माशासोबत. दोन्हीकडे हिशेब एकच: स्निग्ध पदार्थ आणि तो कापणारं आंबट.

हा हिशेब कळला आणि मला गोळाभात आठवला. भरड दळलेल्या डाळीचे मसालेदार गोळे भातातच वाफवायचे, पानात कुस्करायचे, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी, तीही तेलाला हात आखडता न घेता. शेजारचे निवृत्त मास्तर जेवायला आले तेव्हा हाच बेत केला. त्यांनी फोडणीकडे जरा साशंक होऊन पाहिलं, एक घास खाल्ला, वर रिस्लिंगचा घोट घेतला. तेलाचा तवंग जिभेवरून धुऊन निघाला, हिंग तेवढा मागे राहिला. मास्तरांनी न विचारताच पातेलं पुढे ओढलं.

सांबारवडीशीही तिचं छान जमतं. बाहेरून तळलेलं बेसनाचं आवरण, आत सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर, सोबत खोबरं आणि खसखस. रिस्लिंगच्या वासात लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद असतं. ते सांबाराच्या वासाला धरून चालतं. वाइन आठ-दहा अंशांवर गार असावी. त्याहून थंड केली तर हा वासच मरतो.

मात्र सावजीच्या रश्शापुढे तिला नेऊ नका. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, आणि कोरडी वाइन त्यात नुसती आंबट पाण्यासारखी लागते. पाटोडी रस्सा झणझणीत असेल तर त्यालाही हाच नियम. हौसच असेल तर मोझेल खोऱ्यातली किंचित गोड ‘काबिनेट’ घ्यावी. तिच्यात अल्कोहोल बहुधा आठ-नऊ टक्केच असतं. पण माझं मत विचाराल तर सावजीसोबत ताकच बरं. आणि ज्यांच्या घरात वाइन येत नाही, येऊ नये असंच वाटतं, त्यांचंही काही अडत नाही: गोळाभातावर लिंबू पिळा. काम तेच होतं, आणि स्वस्तात.