फ्लॉवर लावताय? आधी महिना बघा

फ्लॉवरचं बियाणं घेताना पाकिटावरचा पांढराशुभ्र गड्डा बघू नका. जात कोणती आणि ती कोणत्या महिन्यातली, ते बघा. उद्यानविद्येत इतकी वर्षं घालवल्यावर परसबागेत फ्लॉवर लावणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. खतपाण्याचा विचार त्यानंतर.

आपण खातो तो गड्डा म्हणजे फूल होऊ पाहणाऱ्या, पण फूल न होणाऱ्या असंख्य कोंबांचा गठ्ठा. कोंबाला कोंब फुटत जातो, फुलापर्यंत एकही पोचत नाही. गड्डा धरायचा की नुसती पानंच वाढवायची, हे झाड थंडीवरून ठरवतं आणि प्रत्येक जातीची थंडी वेगळी. 'पुसा दीपाली'सारख्या हळव्या जाती 20 ते 27 अंशांत गड्डा धरतात. स्नोबॉल गटाला 10 ते 16 अंश लागतात. हा फरक इथल्या मातीतच घडला. 1822 मध्ये सहारनपूरच्या बागेत विलायती बियाणं आलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या उन्हात वाढता वाढता त्यातून उष्णता सोसणाऱ्या देशी जाती तयार झाल्या.

हळवी जात ऐन थंडीत लावली, तर रोप लहान असतानाच गड्डा धरतं आणि तो बटणाएवढाच राहतो. वाफ्यात फार दिवस राहून जून झालेल्या रोपांचंही हेच होतं. उलट, स्नोबॉल उन्हाच्या दिवसांत लावला तर पानंच माजतात, नाहीतर गड्ड्यावर तांदळाच्या कण्यांसारखे दाणे येतात. पुणे-नाशिककडे दिवाळीच्या सुमारास स्नोबॉल खुशाल लावा. रोपं चार-पाच आठवड्यांची हवीत, अंतर दीड फूट. कोकण किनाऱ्यावर मात्र त्याच्या नादी लागू नये, तिथे हळवीच जात बरी.

गड्ड्यावर तपकिरी डाग आणि आत पोकळ दांडा दिसला, तर बहुधा बोरॉन कमी पडलंय. लागवडीआधी चौरस मीटरला एक ते दीड ग्रॅम बोरॅक्स मातीत मिसळा, जास्त अजिबात नको. जास्त झालं की तेच विष ठरतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मॉलिब्डेनम मिळत नाही, पानाची नुसती मधली शीर उरते. तिथे लागवडीच्या बऱ्याच आधी चुना घालावा. पानावर बारीक हिरवी अळी दिसली, तर हलकेच टिचकी मारा. धाग्याला लोंबकळत खाली उतरली, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. शेजारी मोहरीची एक ओळ लावली, तर पतंग आधी तिकडे जातो.

गड्डा लिंबाहून थोडा मोठा झाला, की माझा सगळ्यात आवडता काळ सुरू होतो. आतली दोन-तीन पानं वाकवून त्यावर झाकायची आणि सुतळीने सैल बांधायची. ऊन लागलं तर गड्डा पिवळा पडतो, चवही उतरते. पानं ओली असताना बांधू नका, आत कुजतं. नंतर रोज सकाळी सुतळी सोडून बघायचंच. गड्डा घट्ट आणि कडा गोल असेपर्यंत थांबा. कडेचे तुरे सुटायला लागले, की उशीर झाला. अजून वाढेल या आशेवर किती चांगले गड्डे वाया जातात! मूठभर असला तरी घट्ट आहे तोवर काढा, सकाळी, चार पानं ठेवून. कोवळ्या पानांची भाजी होते, ती टाकू नका.

कापल्यावर त्या बुंध्याला दुसरा गड्डा येत नाही. तो मुळासकट उपटा आणि त्या वाफ्यात लगेच कोबी, मुळा, मोहरी नको. फेब्रुवारीत तिथे गवार टाका.