कार्डावर काय लिहिलंय?

आमच्या लहानपणी मिरजेत कुस्तीवाल्या पैलवानांची कार्डं मिळायची. प्रत्येकावर उंची, वजन, छाती, क्रमांक. एकानं आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्यानं समोरच्याचं कार्ड उचलायचं. भांडण व्हायचं ते फक्त क्रमांकावरून, की एक मोठा का पन्नास. तेही एकदा ठरलं की वर्षभर पुरायचं.

भाच्याच्या हातात आता पोकेमॉनची कार्डं असतात आणि ती वेगळ्याच जातीची आहेत. प्रत्येकावर मजकूर असतो. कुणी झोपवतं, कुणी विष चढवतं, कुणी समोरच्याचं काही काढून घेतं. साठ कार्डांचा गठ्ठा म्हणजे साठ छोटे कायदे. सहाजिकच भांडणंही कायद्याची होतात. वकील परवडत नाही म्हणून मामूला बोलावतात.

मी वाचायला बसलो आणि गुंतलो. या जातीचा पहिला मोठा खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं तो बनवला, १९९३ मध्ये बाजारात आला. त्याचं आजचं संपूर्ण नियमपुस्तक अडीचशे पानांच्या वर आहे. गंमत अशी की त्यातल्या पायाभूत नियमांपैकी एक म्हणतो, कार्डावरचा मजकूर या पुस्तकाच्या विरोधात गेला तर कार्डाचं ऐका. म्हणजे पुस्तक स्वतःच आपला मान कार्डाला देऊन टाकतं. त्याला लागूनच दुसरा नियम : एक कार्ड ‘करता येईल’ म्हणत असेल आणि दुसरं ‘करता येणार नाही’, तर नकार जिंकतो.

हे मी आमच्या दुलाभाईंना सांगितलं. ते मदरशात शिकलेले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “अरे, ये तो आम और खास है.” सर्वसाधारण हुकूम एक असतो आणि एखाद्या प्रसंगापुरता खास हुकूम आला तर तेवढ्यापुरता तो पहिल्याला आखडतो, हे फिकहवाल्यांचं रोजचं काम. कोर्टातले वकीलही विशेष कायदा आणि सामान्य कायदा अशी हीच भाषा बोलतात. दुलाभाईंना खेळात काडीचा रस नाही, पण त्या संध्याकाळी त्यांनी मला आणखी चार प्रश्न विचारले.

आता कार्डाचं ऐकायचं तर कार्डावर जे आहे ते नीट लिहिलेलं हवं. मॅजिक छापलं जाण्याआधी चाचणीच्या एका कार्डावर असं इंग्रजी वाक्य होतं म्हणतात, की त्याचे दोन अर्थ निघत : समोरच्याची पुढची पाळी जाईल, किंवा पुढच्या पाळीला तो हरेल. लिहिणाऱ्याला पहिला अर्थ हवा होता, खेळणाऱ्याला अर्थातच दुसरा. पुढे ते ‘तुम्ही आणखी एक पाळी घ्या’ असं सरळ लिहिलं गेलं. आज तर हातातल्या कार्डावर छापलेले शब्दही अखेरचे नसतात. प्रत्येक कार्डाचा अधिकृत मजकूर कंपनी वेगळा ठेवते, वेळोवेळी सुधारते आणि वाद झाला की तो बघायचा. तीस वर्षांपूर्वीचं कार्ड आजच्या शब्दांनी वाचायचं.

कधीकधी दोन्ही कार्डं स्पष्ट असतात आणि तरीही गाठ बसते. मॅजिकमध्ये ‘ब्लड मून’ नावाचं कार्ड साध्या जमिनी सोडून बाकी सगळ्यांना डोंगर करतं. ‘उर्बोर्ग’ ही तशीच एक बिनसाधी जमीन, ती म्हणते प्रत्येक जमीन दलदलही आहे. दोन्ही टेबलावर असली तर? आपल्याला वाटतं, जे नंतर आलं ते चालेल. तसं नाही. ब्लड मून लागू केला की उर्बोर्ग स्वतः डोंगर होते, तिची बोलतीच बंद होते, म्हणून क्रम कुठलाही असो, ब्लड मून आधी धरायचा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि बायको विचारत होती, लाइट कधी बंद होणार. २०१९ मध्ये तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की या खेळात असेही डाव मांडता येतात, ज्यात शेवटी कोण जिंकेल हे कुठल्याच संगणकाला हिशेबानं ठरवता येणार नाही.

आमच्या जिन्यातला खटला मात्र निकाली निघण्यासारखा होता. भाचा आणि खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र खेळत होते. दोघांचं बक्षीसकार्ड एकेकच उरलेलं. भाच्यानं असा हल्ला केला की समोरचा पोकेमॉन पडला आणि हल्ला करणाराही स्वतःच्या माराने पडला. दोघांनी शेवटचं बक्षीस उचललं. भाचा म्हणाला, हल्ला माझा, मी जिंकलो. मित्र म्हणाला, काका, बरोबरी.

दोघंही चुकत होते. दोघं एकाच वेळी जिंकले तर एकेका बक्षीसकार्डाचा छोटा डाव खेळायचा, हे खरं. पण जिंकायचे रस्ते तीन आहेत : सगळी बक्षिसं घेणं, समोरच्याकडे एकही पोकेमॉन न उरणं, किंवा पाळीच्या सुरुवातीला त्याला ओढायला कार्ड नसणं. एकजण दोन रस्त्यांनी जिंकला आणि दुसरा एकाच, तर पहिला जिंकला. मित्राच्या मागे राखीव पोकेमॉन होता, भाच्याची बाकं रिकामी. म्हणजे मित्र जिंकला, जे तो स्वतःही मागत नव्हता.

“मामू, तुम मेरे मामू हैं की उसके?” भाच्यानं विचारलं.

मग कळलं, तो एवढा का चिडला होता. शर्त होती. जिंकेल त्यानं हरणाऱ्याचं एक कार्ड घ्यायचं. आणि भाच्याकडे दुकानात दहा रुपयांत मिळणारी चकचकीत सोनेरी बनावट कार्डं ढीगभर असली, तरी बहिणीनं पुण्याहून आणलेलं खरं कार्ड एकच होतं. मित्रानं तेच मागितलं.

अम्मी आतून आल्या. शर्त लावून खेळणं म्हणजे जुगार, घेतलेलं परत करा, विषय संपला. अम्मींचं म्हणणं धर्मानं बरोबर होतं. मॅजिकमध्येही सुरुवातीला प्रत्येकाच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड पणाला लागायचं, त्याची एकूण नऊ कार्डं निघाली, ती १९९५ नंतर छापणं बंद झालं आणि स्पर्धांतूनही ती हद्दपार झाली. पण मित्राचा चेहरा माझ्यासमोर होता. नियम वाचून मीच त्याला जिंकवलं आणि लगेच घरातून दुसरा नियम निघाला, जो फक्त आमच्या पोराचं कार्ड वाचवत होता. निकालाच्या आधी सांगितला असता तर त्याला नियम म्हटलं असतं. निकाल लागल्यावर आठवला तर परक्याच्या पोराला तो काय वाटेल? उद्यापासून शर्त बंद, आज लागलेली शर्त पाळायची, असं मी म्हणालो.

कार्ड खालच्या मजल्यावर गेलं. अम्मी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या आणि त्यांचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही. जुगाराचा माल एका दिवसासाठीही हलाल होत नाही, असं त्या आजही म्हणतात. दुलाभाई त्यांच्या बाजूचे. बहीण माझ्या बाजूची, पण कार्डाची किंमत तीच भरणार असल्यामुळे तिचं मत मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पोरं आठवडाभर खेळली नाहीत. मग जिन्यात पुन्हा आवाज ऐकू आले. आता ती शर्त लावत नाहीत, प्रश्न मात्र जास्त आणतात. परवा मित्र एकटाच वर आला. झोपलेला पोकेमॉन उत्क्रांत झाला तर त्याची झोप जाते का? जाते, मी म्हणालो. आणि विष? तेही जातं. तो जिना उतरता उतरता थांबला, म्हणाला, “काका, त्याच्या सोनेरी कार्डावर तर काहीतरी भलतंच लिहिलंय.” बनावट कार्ड. शब्द अर्धवट, आकडे फुगवलेले. कार्डाचं ऐका म्हणणारं पुस्तक इथं काय करणार? मी त्याला कार्ड घेऊन यायला सांगितलंय, दोघांनाही बरोबरच.